मोर्तब, हस्ताक्षर आणि इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी : दस्तऐवजाच्या प्रामाण्याविषयी काही विचार

इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज व त्यावरील स्वाक्षरी यांना भारतात कायद्याची मान्यता मिळाली ती माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने. तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. शतकानुशतके हातच्या सहीवर चालत आलेला व्यवहार या कायद्याने एकाएकी दुसऱ्या मार्गाला लावला, अशी समजूत सर्वत्र आढळते. कायद्याच्या अभ्यासकांपैकीही अनेकांनी ती गृहीत धरलेली दिसते. परंतु मराठी कागदपत्रांचा ज्याने थोडाबहुत अभ्यास केला आहे त्याला ही समजूत तपासून घ्यावीशी वाटेल. हातची सही हाच दस्तऐवजाचा प्राण, ही कल्पना आपल्याकडे वाटते तितकी जुनी नाही.

शिवकालीन राजपत्रांचेच उदाहरण घ्यावे. पत्राच्या शिरोभागी मुख्य मुद्रा आणि शेवटी मर्यादेची मुद्रा, म्हणजे मोर्तब, असे. मजकूर जेथे संपला तेथेच मोर्तब बसल्याने खाली एखादी ओळ मागाहून घुसडण्यास वाव राहत नसे. पत्र दप्तरातून बाहेर पडताना त्याची नोंद होई आणि तसा शेरा पत्रावरच पडे. कागदाचे बंद एकमेकांस चिकटवून लांब पत्र तयार केले असेल, तर पाठीमागे सांध्यावर शिक्का उमटवीत. मधला बंद बदलला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळत नसत. या सर्व व्यवस्थेत राजाच्या हस्ताक्षराला फारसे स्थान नाही. मजकूर कारकुनाच्या हातचा असे. विश्वास होता तो शिक्क्यावर, तो बाळगणाऱ्या अधिकाऱ्यावर आणि दप्तरातील नोंदीवर.

गावगाड्यात निराळी पद्धत होती. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे जो महजर होई त्यावर उपस्थितांची नावे येत. ज्यांना लिहिता येत असे ते आपले हस्ताक्षर घालीत. बाकीच्यांची निशाणी असे. पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांची आपापल्या धंद्यातील हत्यारे अशा या निशाण्या होत. त्या बहुधा लेखकच काढी. म्हणजे निशाणी पाहून ती कोणी काढली हे ठरविता येत नसे, आणि तसा कोणाचा आग्रहही नव्हता. निशाणीचा अर्थ इतकाच, की हा मनुष्य गोतात हजर होता व त्याने संमती दिली. पुढे वाद उद्भवल्यास हयात असलेल्या साक्षीदारांना विचारावयाचे.

हस्ताक्षर हे स्वतंत्र प्रमाण म्हणून प्रतिष्ठित झाले ते इंग्रजी अमलात. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात परिचित माणसाच्या अक्षराविषयीचे मत (कलम ४७) आणि न्यायालयाने स्वतः अक्षरे ताडून पाहणे (कलम ७३) या दोन्हींची तरतूद आहे. मात्र निरक्षरांच्या देशात केवळ सहीवर भागणार नव्हते. म्हणून १८९७ च्या सामान्य परिभाषा अधिनियमाने ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही’ या शब्दात निशाणीचाही समावेश केला. महजरावरील नांगर अशा रीतीने नव्या कायद्यात शिरला, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही.

याच १८७२ च्या अधिनियमातील कलम ८८ कडे आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्ष दिले पाहिजे. ते तारेसंबंधी आहे. तारघरातून मिळालेला संदेश पाठविण्यासाठी दिलेल्या संदेशाशी जुळतो असे न्यायालयाने गृहीत धरावयास हरकत नाही. परंतु तो संदेश कोणी दिला याविषयी मात्र काहीही गृहीत धरावयाचे नाही, असा त्याचा आशय आहे. मजकूर अबाधित असणे ही एक गोष्ट आणि तो अमक्याचा असणे ही दुसरी, हा भेद येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे कायद्याच्या भाषेत उतरला. तारेवर हस्ताक्षर नसते, तेव्हा हा भेद करणे भागच होते. २००० साली याच अधिनियमात कलम ८८अ घालण्यात आले ते इलेक्ट्रॉनिक संदेशासाठी, आणि त्याने तारेचाच नियम जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा सांगितला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिचा तर्क मागे राहिला.

मधल्या काळातील एक वाद विदर्भातील असल्याने येथे नमूद करतो. अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या तेलगिरणीशी सरकीच्या पेंडीचा सौदा दूरध्वनीवरून केला. माल न मिळाल्यामुळे तिने अहमदाबादेत ३१,१५० रुपयांचा दावा लावला. करार झाला कोठे, अहमदाबादेत की खामगावात, एवढाच प्रश्न होता. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की स्वीकृतीचे शब्द जेथे ऐकू आले तेथे, म्हणजे अहमदाबादेत. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत दिले. करारविषयक कायद्याचे शब्द पाहता करार खामगावातच पूर्ण झाला, असे त्यांचे म्हणणे होते. शब्दार्थाच्या बाजूने त्यांचाच युक्तिवाद मला अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र कागदाचा एक तुकडाही नसलेला करार वैध आहे, याविषयी कोणालाही शंका नव्हती.

आता २००० च्या कायद्याकडे वळू. त्यातील अंकीय स्वाक्षरी ही सहीचे चित्र नव्हे. मजकुरावरून गणिताने एक ठराविक लांबीचा अंक काढतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी तो अंक बदलतो. हा अंक स्वाक्षरी करणाराच्या गुप्त किल्लीने बंद केला जातो आणि जोडीच्या जाहीर किल्लीने कोणालाही तो पडताळता येतो. जाहीर किल्ली अमक्याचीच आहे, असे प्रमाणपत्र शासनाने परवाना दिलेली संस्था देते. अशी सुरक्षित स्वाक्षरी असेल तर ती त्याच माणसाने मान्यतेच्या हेतूने केली, असे न्यायालय गृहीत धरते. साध्या संदेशाला ही सवलत नाही. सांध्यावरचा शिक्का जे काम करी ते येथे अंक करतो, आणि दप्तराची जागा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने घेतली आहे. हस्ताक्षराशी मात्र तिचे नाते नावापुरतेच. तेव्हा ही स्वाक्षरी सहीपेक्षा मोर्तबालाच जवळची आहे, असे माझे मत आहे.

हे साम्य फार ताणू नये. शिक्का कोणापाशी आहे हे दरबारात सर्वांना माहीत असे. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर तिच्या धन्यालाही ते कळतेच असे नाही, आणि गृहीतक खोडून काढण्याचा भार मात्र त्याच्यावर पडतो. लहान खातेदाराच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यामुळे उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सही-शिक्क्याची वाट पाहणे संपले, ही सोय मोठीच आहे. पण स्वाक्षरी फक्त एवढेच सांगते की उतारा दप्तरातल्या नोंदीबरहुकूम आहे. मुळात नोंदच चुकली असेल तर ती चूकही तितक्याच निर्दोषपणे प्रमाणित होऊन येते.

इलेक्ट्रॉनिक पुरावा कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उभा राहिला. विजय २९६ मतांचा होता. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रफितीचा. कायद्याला हवे असलेले प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे असे सांगितले. पण ज्याने सर्व प्रयत्न केले व ज्याच्या हाती ते मिळविणे नव्हते, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही, असे म्हणून निकाल कायम ठेवला.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला आहे. त्यातील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक पक्षकाराने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत वर सांगितलेला अंक नोंदवावा लागतो. मृत्युपत्र मात्र अजूनही इलेक्ट्रॉनिक रूपात करता येत नाही. १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे त्याला सही किंवा निशाणी आणि किमान दोन साक्षीदार लागतात, जसे महजराला गोत लागे.