टायनी ह्यूमन
ब्रिटिश गायिका-संगीतकार इमोजेन हीप यांचे ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले गीत. श्रोत्याने मोजलेले पैसे ब्लॉकचेनवरून (अनेक संगणकांवर एकत्र राखलेल्या सामायिक खातेवहीवरून) थेट कलावंतांच्या हाती पोहोचवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. गाण्यापेक्षा त्याच्या विक्रीची रीतच अधिक गाजली. ती कन्सेन्सिस कंपनीच्या उजो म्युझिक या प्रकल्पाने उभी केली. त्यासाठी वापरलेले इथेरियम या ब्लॉकचेनचे जाळे तेव्हा जेमतेम दोन-तीन महिन्यांचे होते.

ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न एरवी कंपनी, प्रकाशक, वितरक, वसुली संस्था असे हात बदलत येते. जागोजागी कापले जाते, हिशेब महिनोन्‌महिने रखडतो, आणि साथीदार वादकाला बहुधा मुद्रणाच्या दिवशीची बिदागी तेवढी मिळते. येथे वाटणी आधीच ठरवून ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ या संगणकीय करारात लिहिली होती : हीप यांना ९१.२५ टक्के, सात सहकाऱ्यांना प्रत्येकी १.२५ टक्के. गाणे उतरवून घेण्याची किंमत ०.६० डॉलर. तेवढ्या मोलाचे ईथर हे आभासी चलन कराराच्या पत्त्यावर आले, की त्याचे आठ भाग होऊन ज्याच्या त्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, जमा होत. एका विक्रीमागे सहकाऱ्याला पाऊण सेंट! इतकी चिल्लर बँकेमार्फत धाडायची म्हटली तर शुल्कच तिच्याहून जास्त भरेल.

यंत्रणा चालली, गिऱ्हाईक मात्र फिरकले नाही. जमा झाले सुमारे १३३ डॉलर. म्हणजे प्रत्येक सहकाऱ्याच्या पदरी दोन डॉलरही नाहीत. साठ सेंटच्या गाण्यासाठी आधी वॉलेट उघडा, मग कुठूनतरी ईथर विकत घ्या, हा खटाटोप हौशी तंत्रज्ञांखेरीज कोण करणार? शिवाय करार फक्त पत्ते ओळखतो. तबला कोणी वाजवला, चाल कोणाची, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. नोंद चुकीची असेल तर पैसे तितक्याच तत्परतेने चुकीच्या खात्यात जातात. संगीतव्यवसायातले बरेचसे वाद याच नोंदींचे असल्याने ही उणीव किरकोळ नव्हे.

पुढे उजोवरूनच आरएसी या संगीतकाराचा ‘ईगो’ हा अल्बम २०१७ मध्ये विक्रीस आला. २०२१ मध्ये एनएफटींची (डिजिटल वस्तूच्या मालकीच्या ब्लॉकचेनवरील नोंदींची) लाट आली; तीत ब्लाऊ (3LAU) या डीजेने ‘अल्ट्राव्हायोलेट’ अल्बमशी निगडित ३३ एनएफटी लिलावात काढून १ कोटी १० लाख डॉलरहून अधिक मिळवले. तो पैसा मूठभर धनिक संग्राहकांचा. सर्वसाधारण श्रोता तेथेही नव्हताच. एनएफटी पुन्हा विकली गेली की मूळ कलावंताला वाटा मिळेल, हे या लाटेचे मोठे आमिष होते. तो वाटा वसूल करणे मात्र बहुतांशी विक्रीमंचांच्या मर्जीवर राहिले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसी या बड्या मंचाने तो ऐच्छिक करण्याचे जाहीर केले.