खोताच्या वाडीतली माणसं

गिरगावातल्या खोताच्या वाडीबद्दल मला जे ठाऊक आहे, त्यातलं निम्मं आत्याच्या तोंडून ऐकलेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या स्थानिक ख्रिस्ती, कुटुंबांना घरांसाठी दिली, एवढं पुस्तकांत सापडतं. आत्या सांगायची ती मे महिन्यातली वाडी.

भर उन्हात काश्मिरी मिरच्या, धणे, हळकुंडं वाळत पडलेली. मग कांडणाऱ्या बायका यायच्या. उखळाभोवती उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालायच्या, एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. शिंका पार आमच्या चाळीपर्यंत. चाळलेला मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, कारण उजेड लागला की त्याचा रंग उतरतो. एक बाटली आत्याची ठरलेली. आमच्या ब्राह्मणी आमटीत तो बॉटल मसाला पडायचा आणि आत्याच्या सासूबाई मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या!

याच सासूबाईंनी तिला प्लेगाची हकिगत सांगितली होती. १८९६ मध्ये मांडवीत साथ उसळली, गिरगावातून माणसं गावी पळाली. वाडी तगली, म्हणून तिथल्या लोकांनी देवाचे आभार मानायला क्रूस उभारला. संध्याकाळी तिथे प्रार्थना चाले, तेव्हा आत्याही चपला काढून मागे उभी राहायची.

जुने रहिवासी 65 घरं मोजायचे, आज 30सुद्धा उरलेली नाहीत. कौलं, लाकडी कठडे, बाहेरून चढणारे जिने यांची डागडुजी महाग. एका घराला वारस अनेक, त्यातले निम्मे परदेशी. अशा वेळी बिल्डरचा आकडा ऐकून कोणी सही केली, तर त्याला दोष देणं माझ्या जिवावर येतं.

पण टॉवरमध्ये मिरच्या वाळवायच्या कुठे, आणि बाटली द्यायला शेजारीण कोणत्या मजल्यावर शोधायची? मुंबईला 1995 मध्ये वारसा नियमावली मिळाली. तिचा रोख इमारतींवर. घराचा दर्शनी भाग राखून आत कॅफे काढला, तर वाडी वाचली असं मी म्हणणार नाही. कौलं बदलायला मालकाला हक्काचं अनुदान आणि बिनव्याजी कर्ज द्यावं, राहणाऱ्या कुटुंबाचा मालमत्ता कर माफ करावा. हा खर्च शहराने उचलायला हवा, आणि तोही आत्ता, वाडीत मसाला कांडवून घेणारी घरं आहेत तोवर.