ऑनलाइन ड्रायव्हिंग कोर्स : स्क्रीनवर काय शिकता येतं, काय नाही?

लर्निंग लायसन्सची परीक्षा मी घरी, लॅपटॉपवर दिली. सगळी उत्तरं बरोबर आली. पंधरा दिवसांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकताना थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या बाजूने मी गाडी काढली आणि बसच्या पुढून एक शाळकरी मुलगा धावत रस्त्यात आला. ब्रेक लागला तो सरांच्या पायाने. माझा पाय अजून अॅक्सिलरेटरवरच होता. 'उभ्या बसजवळून जाताना काय कराल?' असा प्रश्न परीक्षेत आला असता, तर मी नक्की बरोबर सोडवला असता. मग ऑनलाइन शिकून नेमकं काय मिळतं?

ऑनलाइन प्रक्रिया कुठपर्यंत?

सारथी पोर्टलवर आधारने ओळख पटवली की लर्निंग लायसन्सची परीक्षा घरून देता येते. महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. परीक्षेत वाहतुकीची चिन्हं, नियम आणि चालकाची जबाबदारी यांवर बहुपर्यायी प्रश्न असतात. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. म्हणजे दर पाच प्रश्नांत दोन चुकले तरी चालतं. रस्त्यावर ही सवलत नसते!

हे लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मधल्या काळात गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा आणि शेजारी लायसन्सधारक शिकवणारा हवा, तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला. खरं शिकणं याच काळात होतं.

स्क्रीनवर चांगलं समजतं ते : वेग आणि अंतर

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असं धरू. ताशी ६० किमी वेगात तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे जाते, तेही ब्रेक न लागता. पुढे कोरड्या डांबरी रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून थांबायला अंदाजे २० मीटर लागतात. एकूण ४५. ताशी ३० ला हाच हिशेब साडेसतरा मीटरवर येतो.

वेग निम्मा केला की ब्रेकचं अंतर निम्मं होत नाही, एक चतुर्थांश होतं, कारण ते वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. पावसात पकड निम्मी झाली, तर ६० च्या वेगाला ४५ चे ६५ मीटर होतात. कोर्समध्ये असं अॅनिमेशन असेल तर ते दोनदा बघा. गाडीत बसून हे कोणी समजावत नाही.

रस्त्यावर मीटर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा. तुम्ही तिथे किमान दोन सेकंदांनी पोचायला हवं. पावसात चार.

धोका ओळखण्याचा सराव

ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी परीक्षेला 'हॅझर्ड परसेप्शन' हा भाग जोडलेला आहे. रस्त्याच्या १४ व्हिडिओ क्लिप दाखवतात. धोका आकार घेताना दिसला की क्लिक करायचं. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक वेळेची चौकट ठरलेली असते : सुरुवातीलाच क्लिक केलं तर ५ गुण, उशीर होईल तसे कमी, चौकट संपली की शून्य. उगाच भराभर क्लिक करत बसलं तर त्या क्लिपचे गुणच जातात. ७५ पैकी ४४ मिळाले की पास.

प्रोग्रामर म्हणून मला यातलं एक आवडलं. इथे फक्त 'उत्तर काय' तपासत नाहीत, 'किती लवकर कळलं' तेही तपासतात. त्या दिवशी माझं नेमकं हेच चुकलं होतं.

आपल्याकडे हा सराव फुकटात होतो. बसमध्ये पुढच्या सीटवर किंवा कारमध्ये चालकाशेजारी बसा आणि दिसेल तो संभाव्य धोका मनात बोला : 'रिक्षाचं चाक वळलंय', 'उभ्या गाडीत माणूस आहे, दार उघडेल', 'चेंडू आला, मागून पोरगं येणार'. दहा मिनिटांत डोकं थकतं, इतकं हे काम आहे.

स्क्रीन जे शिकवत नाही

क्लचचा अंदाज, चढावर गाडी मागे न जाऊ देणं, आरशांची सवय, घाबरल्यावर पाय कुठे जातो. हे फक्त गाडीतच शिकता येतं. सरकारच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा कारचा कोर्स २९ तासांचा आहे : ८ तास थिअरी, २१ तास प्रात्यक्षिक. ऑनलाइन कोर्स भागवतो तो यातल्या आठ तासांचा वाटा. उरलेले २१ कोणतंही अॅप देऊ शकत नाही.

कोर्स निवडताना हे बघा

- नियम भारतातले आहेत का? परदेशी कोर्समध्ये गाडी अनेकदा उजव्या बाजूने चालते.
- फक्त प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी आहे, की रस्त्याचे व्हिडिओही आहेत?
- उत्तर चुकल्यावर कारण सांगतो का?
- 'कोर्स करा, टेस्टशिवाय लायसन्स मिळवा' असं म्हणणाऱ्या साइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी अजिबात देऊ नका.

आणि शिकलेला प्रत्येक धडा त्याच आठवड्यात गाडीत करून बघा. मी आता उभ्या बसजवळ आलो की पाय आधी ब्रेकवर नेतो आणि बसच्या खालून पलीकडचे पाय दिसतात का ते बघतो. हे मला सरांनी शिकवलं, पण का करायचं ते दीड सेकंदाच्या गणिताने पटलं.