भानामतीचं माहेर

उरलेल्या महाराष्ट्रात भानामती म्हटलं की घरावर पडणारे दगड आठवतात, दांडीवर आपोआप पेटणारे कपडे आणि अंगावर उमटणाऱ्या बिब्ब्याच्या फुल्या आठवतात. मराठवाड्यातल्या उदगीर, निलंगा, मुखेड, देगलूर या सीमेलगतच्या पट्ट्यात मात्र आधी डोळ्यांपुढे येते ती कुत्र्यासारखी भुंकणारी घरातली सून.

फुलीचं गूढ सोपं आहे. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. काडीने दंडावर रेघ ओढली की नंतर फोड उठून फुली दिसू लागते. परीट कपड्यांवर न जाणारी खूण करतात ती याच तेलाने. भुंकण्याची उकल एवढी सोपी नाही.

सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीच्या कन्नड मुलखात ‘भानामती’ हाच शब्द आहे आणि मेदककडच्या तेलुगूत तो ‘बाणामती’ होतो. तीन भाषा, तीन राज्ये, पण नकाशा एकच, जुन्या हैदराबाद संस्थानाचा! 1956 साली त्या मुलखाची वाटणी झाली. सोयरिकी, बाजार आणि भीती मात्र सीमा ओलांडत राहिल्या.

शब्दाच्या कुळाबद्दल तीन दावेदार आहेत. पहिली दुर्योधनाची पत्नी भानुमती. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात तिला स्वप्न पडतं, एक मुंगूस शंभर साप मारतं, आणि ती भेदरून व्रताला बसते. भ्यालेली बाई म्हणून ती शोभते, पण करणी करणारी ती नव्हे. दुसरा दावेदार ‘बाण’. मंत्राचा बाण मारला, म्हणून बाणामती. आपल्याकडेही ‘मूठ मारतात’, त्यामुळे हे पटकन पटतं. पण तेलुगू बोलीत ‘भ’चा ‘ब’ सहज होतो. बाण त्यात मागाहून ऐकू आला असणार. माझं मत तिसरीच्या बाजूने आहे. लोककथांतली, भोजराजाशी नातं सांगणारी इंद्रजालनिपुण भानुमती. हिंदीत तिचा पेटारा म्हणीत जाऊन बसला आहे. उत्तरेकडच्या गारुड्यांबरोबर ‘भानमती’ दखनीत आली आणि दखनीतून मराठवाड्यात उतरली, असा माझा तर्क आहे. खेळ करणारीचं नाव वाटेत करणीला चिकटलं.

पण नाव उसनं असलं तरी भुंकणं उसनं नाही. 1688 साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये गुडविन नावाच्या गवंड्याची मुलं कुत्र्यासारखी भुंकू लागली, मांजरासारखी गुरगुरू लागली. निमित्त होतं धुण्याच्या कपड्यांवरून झालेलं भांडण. धोबिणीची आई ग्लोव्हर हिला चेटकीण ठरवून फाशी दिलं. कॉटन मॅदर या पाद्र्याने ती हकीकत छापली आणि 1692 मध्ये सेलममध्ये मुलींना झटके येऊ लागले तेव्हा काय समजायचं ते लोकांना आधीच ठाऊक होतं. तिथे 19 जणांना फाशी झाली. साक्षींत मेलेल्या गुरांचे दाखलेही होते. बोस्टनला देगलूर ठाऊक नव्हतं, देगलूरला बोस्टन. जिला घरात तोंड उघडता येत नाही तिचं शरीर असंच ओरडतं, आणि गाव मात्र तिचं दुखणं न विचारता ‘कुणी केलं’ एवढंच विचारतं. मग जाणता, म्हणजे गावचा मांत्रिक, नाव सांगतो. ते बहुधा एकट्या विधवेचं, नाहीतर ज्याच्याशी बांधाचा वाद आहे त्याचं निघतं. तेलंगणात संशयिताचे दात उपटल्याच्या घटना आहेत. दात नसले की मंत्राचा उच्चार फुटत नाही, ही त्यामागची समजूत.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गाईम्हशीचं दूध आटवतो असं जाहीर करून त्याचं जगणं कठीण करणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे. तुमच्या गावात असं कुणाचं नाव कुजबुजलं जाऊ लागलं, तर जाणत्याची वाट पाहू नका. पोलीस ठाण्यात कळवा, आणि भुंकणाऱ्या बाईला डॉक्टरकडे न्या.