डीपीवर न लिहिलेला आकडा

सेनगाव असो की वसमत, हिंगोली जिल्ह्यात बांधावरच्या कुठल्याही डीपीवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, कवटी आणि दोन हाडांची पाटी ओळखीची आहे: '११००० व्होल्ट, धोका'. तिच्यामागे १९५६चे भारतीय विद्युत नियम आहेत. त्यांतल्या ३५व्या नियमाने हा इशारा हिंदीत किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लावण्याची सक्ती केली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये राज्य वीज मंडळ झाले, आणि शिवारात तारा गेल्या तशी ही पाटीही गेली. २०१०च्या सुरक्षा विनियमांनीही ती कायम ठेवली. तिने माणसे वाचवली आहेत यात शंका नाही. पण ती वाटसरूसाठी आहे. डीपीचा फ्यूजचा डबा उघडणाऱ्या वायरमनला व्होल्टेज ठाऊकच असते. त्याला हवे असते ते वेगळेच: इथे तारा शॉर्ट झाल्या तर किती अँपिअर धावतील?

हे उत्तर डीपीवरच अर्धवट कोरलेले असते. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा करंट साधारण १३३ अँपिअर. नेमप्लेटवर इम्पिडन्स ४.५ टक्के असेल, तर भागाकार करून शॉर्ट झाल्यावरचा करंट, म्हणजे फॉल्ट करंट, जवळपास ३००० अँपिअर येतो. भार वाढला म्हणून गावाने तिथे २०० केव्हीएची डीपी बसवून घेतली की तो ६००० होतो. डब्यातला चिनी मातीचा किटकॅट फ्यूज मात्र बहुधा तोच राहतो, आणि असा करंट सुरक्षितपणे तोडण्याची त्याची ताकद काही हजार अँपिअरचीच असते. त्यात फ्यूजतारेच्या जागी ॲल्युमिनियमचा जाड तुकडा असला, तर किटकॅट असून नसल्यासारखा.

कोणी म्हणेल, हा आकडा बदलत राहतो, लिहून काय उपयोग? अमेरिकेच्या विद्युत संहितेने २०११मध्ये घरगुती इमारती वगळून इतर ठिकाणच्या मुख्य वीजसामग्रीवर कमाल फॉल्ट करंट लिहिणे बंधनकारक केले, तेव्हा हिशेबाची तारीखही लिहायला लावली आणि जोडणी बदलली की आकडा पुन्हा तपासायला सांगितले. दुसरी शंका अशी की वरच्या ग्रिडची ताकद गावात कोणाला माहीत? ती अमर्याद धरली तरी ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स कमाल मर्यादा देतोच, आणि सामग्री निवडायला कमाल आकडाच लागतो. शेतकऱ्याला तो कळणार नाही, हा आक्षेप तर मला पटतच नाही. आकड्याची ही पाटी त्याच्यासाठी नाहीच, त्याच्या डब्यात हात घालणाऱ्यासाठी आहे.

खरी अडचण लांब लघुदाब लाइनची आहे. डीपीपासून दूर, शेवटच्या मोटारीपाशी, तारेच्या रोधामुळे फॉल्ट करंट इतका घटतो की फ्यूज वितळायला वेळ लागतो आणि तुटलेली तार जिवंत पडून राहते. तिथे कमाल आकडा पुरत नाही, किमानही लागतो. म्हणून डीपीवर दोन आकडे आणि एक तारीख हवी, आणि तेही 'धोका' या शब्दाखालीच, मराठीत.