दर्याची छावणी

इंग्रजी साहित्यात उन्हाळ्याची अखेर आली की शिडाची नाव हमखास दिसते. ऑगस्ट सरत आलेला, पाणी वर्षातले सर्वांत कोमट, वारा सौम्य, आणि सुट्टीचे उरलेले दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने या बंदरातून त्या बंदरात घालवायचे. असा मजकूर मराठीत आणताना माझे शब्द अडत नाहीत, ऋतू अडतो. ‘उन्हाळ्याची अखेर’ म्हटले की मराठी वाचकासमोर मेचा शेवटचा आठवडा उभा राहतो, आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत शिडे उतरवली जातात.

कोकणातला शिडाचा हंगाम पावसाळी उधाण ओसरल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर सुरू होई. त्यापुढे सात-आठ महिने वाऱ्यांचा एक रोजचा नेम असे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा. मतलईवर खाडीतून बाहेर पडायचे, खाऱ्या वाऱ्यावर किनारा नजरेत ठेवून पुढे सरकायचे आणि दिवेलागणीला पुढच्या खाडीत नांगर टाकायचा. मचवे, पडाव, शिबाडे, गलबते याच नेमावर चालत. मे महिन्यात हा नेम मोडतो. वारा समुद्राकडून लागून राहतो आणि शिडाच्या जहाजाला किनाऱ्यावर लोटू पाहतो. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागल्या की आत शिरणेही जिवावरचे होते. म्हणून मृग लागण्याआधी गलबते खाडीत आत ओढून घेत, शिडे-दोर उतरवत आणि वर नारळाच्या झापांचे छप्पर घालत.

या छपरातच मला हवा असलेला शब्द दडलेला आहे. छावणे म्हणजे आच्छादणे. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात मोहीम थांबवून छपराखाली मुक्काम करत, ती छावणी. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर एक प्रकरण आहे, आणि तिथे जहाजांचीही छावणीच होते. अमात्य सांगतात की दर्या बंद होण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच आरमार आत आणावे. उघड्या बंदरात ठेवू नये, जंजिऱ्याच्या आश्रयाला ठेवावे. बंदर मात्र दरवर्षी बदलावे, कारण कितीही ताकीद दिली तरी आरमाराच्या मुक्कामाचा उपसर्ग त्या मुलखाला लागतोच. वारा शत्रूच्या बाजूचा असेल तर आपण बलवान असूनही गाठ घालू नये, किल्ल्याखाली यावे, असेही ते बजावतात. राज्यनीतीच्या ग्रंथात वाऱ्याची दिशा आणि खाडीकाठच्या रयतेची झोप यांची अशी एकत्र दखल घेतलेली पाहून मी थबकले होते. उन्हाळ्याची अखेर हा अमात्यांसाठी कारभाराचा विषय आहे.

तो किती मोठा विषय होता, हे चाळीस वर्षांनी दिसले. १७५५ च्या मार्चअखेरीस कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे जहाज घेऊन मुंबईहून निघाला. तुळाजी आंग्र्याविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत मागितली होती. पेशव्यांची गलबते आणि रामाजी महादेवाची फौज मोहिमेत होतीच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुवर्णदुर्ग पडला. मोहीम अशीच दक्षिणेकडे रेटावी म्हणून रामाजीने जेम्सला दोन लाख रुपये देऊ केले. मुंबईकर इंग्रजांनी नकार दिला आणि जेम्सला परत बोलावले. वाईट ऋतू तोंडावर आला होता आणि जहाजे उघड्या समुद्रावर ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती.

उन्हाळा संपत आला म्हणून तुळाजीला एक पावसाळा मिळाला. तोच पावसाळा इंग्रजांनाही मिळाला. दर्या उघडल्यावर, १७५५ सरता सरता, ॲडमिरल वॉटसनचे शाही आरमार मुंबईत आले आणि क्लाइव्हही तिथे होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये ते विजयदुर्गावर चालून गेले. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला, एकमेकांजवळ उभी होती. एका जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि एका दिवसात जवळजवळ सगळे आरमार जळाले. किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. तो पेशव्यांच्या हवाली करायला त्यांनी त्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडू दिला, आणि बदल्यात बाणकोट स्वतःकडे ठेवले.

मराठी इतिहासलेखनात या प्रसंगाचा दोष बहुधा नानासाहेबांच्या पदरी टाकला जातो. स्वतःच्याच दर्यासामर्थ्याला त्यांनी परक्यांच्या हातून बुडवले, हा आरोप खराच आहे. पण मला त्या मधल्या पावसाळ्याकडेही बोट दाखवावेसे वाटते. एप्रिलमध्ये पेशवे इंग्रजांची मदत घेत होते. फेब्रुवारीत मोहीम इंग्रजांची झाली होती आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून साथ देत होती. ही अदलाबदल बंद समुद्राच्या काळात झाली. रामाजीचे दोन लाख रुपये म्हणजे दर्या बंद व्हायच्या आत काम उरकण्याची किंमत होती, आणि ती घ्यायला कोणी तयार झाले नाही.

हे सगळे मी समुद्रापासून शेकडो मैल दूर, जयपूरच्या सोडाला भागात राहून वाचते. इथे छावनी म्हणजे फक्त लष्कराची वस्ती. तिच्यातला पाऊस वाळून गेला आहे. मूळ अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेली वेळ, जहाजे हाकारण्याचीसुद्धा. मराठी मोसमात हंगाम टिकला, हिंदी मौसमात रोजची हवा उरली, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन त्याच शब्दाचा पाऊस झाला. वाऱ्याची आठवण मात्र या शहरानेही ठेवली आहे. दर आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी ज्योतिषी जंतर मंतरमधल्या सम्राट यंत्राच्या माथ्यावर झेंडा घेऊन चढतात आणि तो कुठल्या दिशेला फडकतो त्यावरून पावसाचे भाकीत करतात. सवाई जयसिंहाने हे यंत्र बांधले त्याच काळात कोकणच्या खाड्यांमध्ये आंग्र्यांची गलबते दर पावसाळ्यात झापांखाली उभी राहत होती. दोन्हीकडे नजर वाऱ्यावरच होती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कारण माशांच्या विणीचे दिले जाते, वादळाचेही. तारखा सरकारी आहेत. तरी मेच्या अखेरीस होड्या वर ओढणाऱ्या माणसांना त्या तारखा नव्या वाटत नाहीत.

म्हणून इंग्रजीतली ती शेवटची सफर मराठीत आणताना मी ‘उन्हाळ्याच्या अखेरीस’ असे आता लिहीत नाही. ‘ऑगस्टच्या शेवटी’ असे लिहिते. मूळ वाक्यातली हुरहुर थोडी कमी होते, हे मला मान्य आहे. पण मराठी वाचकाच्या मनात मेच्या समुद्रावर शीड चढवले, तर त्या बिचाऱ्या सुट्टीवाल्यांना मी थेट खडकावर नेऊन आपटेन.