किल्ल्याखालचे गाव

दिवाळीची सुटी लागली, की आमच्या अंगणात माती येऊन पडते. ती कोणी आणली आणि कोणाच्या शेतातून आणली, हे विचारायचे नाही, असा आमच्या घरचा जुना नियम आहे. सहामाहीच्या शेवटच्या पेपराची शाई वाळते न वाळते, तोच पोरे घमेली घेऊन हजर होतात. आणि पाहता पाहता दगड, विटा, फाटकी पोती व चिखल यांचा एक डोंगर उभा राहतो. किल्ला कोणता करायचा, हा प्रश्न दिंडोरीच्या पोरांना पडत नाही. रामशेज आमच्याच तालुक्यातला. औरंगजेबाच्या फौजेने १६८२ साली त्याला वेढा घातला आणि हा लहानखुरा किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ झुंजत राहिला. वणी-दिंडोरीची लढाई तर खुद्द शिवाजीमहाराजांनी १६७० च्या ऑक्टोबरात, सुरतेहून परतताना, याच मुलखात जिंकली. इतिहास आम्हाला घरपोच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

किल्ला झाला, की पायथ्याशी गाव वसवायचे. हळीव पेरून शेते करायची, फुटक्या आरशाचे तळे करायचे, काडेपेट्यांची घरे मांडायची. बाजार, मारुतीचे देऊळ, पाण्याची विहीर, आणि भोवती चिखलाचे कूस घालून त्याला एक वेस. मोठ्या माणसांचे लक्ष किल्ल्याकडे असते. पोरांचा जीव मात्र या गावात असतो. किल्ल्यावर मावळे एकदा उभे केले की संपले. गावात मात्र रोज काही ना काही घडत असते. आज शिंप्याचे लग्न, उद्या पाटलाची गाय हरवली!

यंदा नाशिकहून आमचा भाचा आला होता. वय वर्षे बारा आणि काखोटीला लॅपटॉप. त्याने आमचे गाव पाहिले आणि म्हणाला, "मामा, असलं गाव माझ्याकडं पण आहे. पण माझ्या गावातली माणसं चालतात."

आम्ही ओट्यावर बसून त्याचे ते चालते-बोलते गाव पाहिले. या खेळाची कुळकथा मोठी मौजेची आहे. विल राइट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ. १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा लागला, त्यात यांचे राहते घर जळून गेले. पुन्हा संसार मांडताना, माणसाला जगायला नेमके काय काय लागते, याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला. आणि त्यातून २००० साली 'द सिम्स' हा खेळ जगापुढे आला. यात लढाई नाही, हार नाही, जीत नाही. माणसाने उठावे, स्वयंपाक करावा, कामावर जावे, शेजाऱ्याशी बोलावे, लग्न करावे. आमच्या आईने हा खेळ पाहिला असता, तर ती एवढेच म्हणाली असती, "अगं बाई, ही तर भातुकली!"

पहिल्या खेळात एका वेळी एकाच घरात वावरता येत असे. २००९ साली त्याचा तिसरा अवतार निघाला, त्यात अवघे गाव मोकळे झाले. 'सनसेट व्हॅली' हे त्या गावाचे नाव. समुद्रकाठची वस्ती, मधला बगीचा, नगरभवन, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपले माणूस विनाअडथळा चालत जाऊ शकते. घरे लहान-मोठी आहेत, त्यांच्या किमतीही वेगवेगळ्या आहेत. पण वस्ती-वस्तीत भेद आहे तो काय तो पैशाचा.

"कुणाच्याही दारात जाऊन घंटा वाजवायची," भाच्याने सांगितले.

पोरे माना डोलावत होती. तेवढ्यात आमच्या वर्गातला एक मुलगा, जो गेले तीन दिवस सर्वांत जास्त माती वाहत होता, अंगणातल्या गावाकडे पाहत म्हणाला, "गुरुजी, या गावात माझं घर कुठं हाये?"

बाकीच्या पोरांनी आपापली घरे आधीच ठरवून ठेवली होती. हे सोनाराचे, हे वाण्याचे, हे पाटलाचे. गावाचा नकाशा पाटीवर मीच काढून दिला होता. त्यात या मुलाच्या वस्तीला जागा नव्हती. कोणी मुद्दाम वगळली नव्हती. कोणाच्या, म्हणजे माझ्याही, लक्षातच आली नव्हती. इतिहासाच्या मास्तराला याहून मोठा शालजोडीतला कोणी काय देणार?

त्या रात्री मला झोप लागेना. गावे वसतात कशी आणि कोण कुठे राहावे हे ठरवतो कोण, याचा विचार करीत राहिलो.

आपल्याकडे गाव वसवणे हा राज्यकर्त्यांचा एक उद्योगच होता. पुण्याचेच पाहा. मूळ वस्ती कसब्याची. पुढे एकेक पेठ जोडली गेली. पेठ वसवणारा सरकारातून कौल मिळवी. येऊन राहणाऱ्या व्यापाऱ्याला नि कारागिराला काही वर्षे कराची सूट देई. शेटे-महाजन नेमले जात. आणि माळरानाची बाजारपेठ होई. वारांची नावे तर मागाहून पडली. आजची रविवार पेठ पूर्वी मलकापूर होती, सोमवार पेठ शहापूर होती, गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. औरंगजेबाने १७०३ च्या सुमारास वसवलेल्या मोहियाबादची बुधवार पेठ झाली. सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांच्या नावाची. नारायण पेठ नारायणरावांच्या. सरदार रास्त्यांनी वसवलेली शिवपुरी लोकांनी रास्ता पेठ करून टाकली आणि नाना फडणिसांच्या हनुमंत पेठेला नाना पेठ म्हटले. वसवणाऱ्याने द्यावे देवाचे नाव आणि लोकांनी हाक मारावी वसवणाऱ्याच्याच नावाने, असा हा व्यवहार.

पेठेच्या पोटात आळ्या. आमच्या नाशकात अजूनही जुनी तांबट लेन आहे, पगडबंद लेन आहे, कुंभारवाडा आहे, भांडीबाजार आहे. पगड्या बांधणारे गेले, पगड्या घालणारेही गेले; गल्लीच्या डोक्यावर मात्र पगडी राहिली! गल्लीच्या नावात धंदा राहतो आणि धंद्याच्या आडून जात राहते. माणूस शेजारी निवडत नव्हता. शेजार त्याला जन्मासोबत मिळत होता.

त्यातून सोयही होती, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. तांबटाच्या पोराला हातोडीचा ठोका झोपेत ऐकू येई, तो धंदा शिकायला त्याला शाळा लागत नसे. अडीनडीला भिंतीपलीकडून हात येई. पण हे सारे कुसाच्या आत. गावकुसाबाहेर जी वस्ती होती, तिची माणसे वेशीची राखण करीत, सांगावे पोचवीत, मेलेली जनावरे ओढीत. गावाचे त्यांच्यावाचून एक दिवस चालत नसे. आणि तरी गावाच्या विहिरीवर त्यांचा पोहरा जात नसे. आमच्या अंगणातले गाव इतिहासाला अगदी धरून झाले होते, हेच दुर्दैव!

हे कूस पाडण्याचे काम ज्यांनी केले, तेही पेठेतच राहणारे होते. पुण्याच्या गंज पेठेत जोतिराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका हौदाने काय होते, असे कोणी म्हणेल. पण गावाचा नकाशा बदलतो तो पाण्यापाशी. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली, तीही पाण्याचीच. त्या गंज पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात.

आणि आमचे नाशिक? २ मार्च १९३० रोजी पंचवटीतल्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दरवाजे बंद झाले, रथाच्या वेळी दगडफेक झाली, आणि लढा पाच वर्षे चालला. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. हे पाठ्यपुस्तकात आहे, मी ते शिकवतो. पण या सत्याग्रहाचे एक प्रमुख आधारस्तंभ, दादासाहेब गायकवाड, यांचा जन्म १९०२ साली दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी झाला, हे मी वर्गात कधी सांगितले होते का? रामशेजचा वेढा पोरांना तोंडपाठ आहे. पाच वर्षे चाललेला हा दुसरा वेढा, ज्यात आत बसलेले देव होते आणि बाहेर उभी असलेली माणसे निःशस्त्र होती, तो मी दोन ओळींत आटोपत आलो.

पुढच्या काळात वस्त्या वेगळ्या रीतीने वसल्या. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे तिने सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या आधाराने नवे नाशिक उभारले. तेथे घर जातीवर नव्हे, अर्जावर मिळे. खानदेशचा, मराठवाड्याचा, आमच्या डांगाचा माणूस एका भिंतीला भिंत लावून राहिला. लोकांनी त्या वस्तीला नाव दिले तेही कचेरीचेच. "कुठं राहता?" "सिडकोत." जुन्या नाशकात गल्ली धंदा सांगते, येथे पत्त्यावरून पोस्टमनलासुद्धा आडनावाचा अंदाज येत नाही. आणि २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे पुसण्याचा निर्णय घेतला. त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. नाव बदलल्याने मन बदलत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मलाही ते पटते. पण रोज पत्ता सांगताना ज्याला मान खाली घालावी लागत होती, त्याला विचारून पाहावे.

भाच्याच्या खेळातले गाव एका रात्रीत मोकळे झाले, कारण ते कोणी तरी नव्याने लिहून काढले. आपल्या गावांना ती सोय नाही. आपली गावे आपल्याला राहत्या घरात, चूल पेटती ठेवून, दुरुस्त करावी लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी पुसली आणि त्या मुलाला हाक मारली. "तुझं घर कुठं हवं, तूच सांग," म्हटले.

तो बराच वेळ गावाभोवती फिरला. मला वाटले, तो बाजारपेठेत जागा मागेल, नाही तर पाटलाच्या वाड्याशेजारी. त्याने काडेपेटी उचलली आणि विहिरीजवळ ठेवली.

"इथंच का रे?" भाच्याने विचारले.

"आईला पाणी जवळ पडंल," तो म्हणाला.

मग कूस आड येऊ लागले. पोरांनी आपापसांत थोडी कुजबुज केली आणि चिखलाची ती भिंत काढून टाकली. त्याच मातीची त्यांनी एक सडक केली, थेट किल्ल्यापर्यंत. वेस तेवढी राहू दिली. पणती ठेवायला ती जागा बरी होती.

वसुबारसेच्या संध्याकाळी त्या गावात पहिली पणती लागली, ती विहिरीच्या काठावर.